छत्रीचं वाक्य

तोझाई लाईनची सकाळची गर्दी टोकियोत सगळ्यांना माहीत आहे. माझं काम मात्र दुपारी एकला सुरू व्हायचं आणि मी शहराच्या उलट्या दिशेला जायचे, त्यामुळे सात वर्षं मला त्याच लाईनवर रोज बसायला जागा मिळाली. निशी-कासाईला चढायचं, निशी-फुनाबाशीला सोबू लाईनची पिवळ्या पट्ट्याची गाडी पकडायची, एक स्टेशन पुढे उतरायचं. स्टेशनसमोरच्या एका अरुंद इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमची इंग्रजी संभाषणाची शाळा होती. जपानीत अशा शाळेला एइकाइवा म्हणतात. दारात छत्र्यांचा स्टँड, काउंटरमागे दोन मुली, आणि आत प्लायवूडच्या भिंतींनी पाडलेल्या सहा खोल्या. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक छोटा पांढरा फळा. तास चाळीस मिनिटांचा, मग पाच मिनिटं मोकळी, मग पुढचा तास. रात्री नऊला शेवटचा विद्यार्थी जायचा आणि काउंटरवरच्या मुली 'ओत्सुकारेसामा देशिता', म्हणजे 'दमलात हो आज', म्हणत दिवे मालवायच्या.

मी तिथे पोचले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. १९९०च्या दशकाच्या शेवटी, वाय-टू-केच्या, म्हणजे संगणकातल्या सन २०००च्या तारखांच्या घोळाच्या, कामासाठी भारतातले बरेच इंजिनिअर टोकियोत आले आणि एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहू लागले. तिथून ऑफिसला जाणं सोपं, सरकारी घरबांधणीच्या मोठ्या इमारती, आणि एकाला घर मिळालं की तो दुसऱ्याला बोलावून घेणार. आम्ही २०१२ मध्ये आलो तेव्हा तिथे तूरडाळ मिळत होती, आणि टोकियो मराठी मंडळाच्या गणपतीला मोदकही मिळाले. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला. अशा बायकांना वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. पुढे मी स्वतःचा व्हिसा घेतला, तेव्हा बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचे दाखले द्यावे लागले. सांगलीच्या शाळेतून ते मागवताना आई तीन वेळा खेपा घालून आली.

मुलाखतींचं सांगते. जाहिरातीत बहुतेक ठिकाणी एक शब्द असायचाच: नेइतिबु, म्हणजे नेटिव्ह. एका ठिकाणी बाईंनी माझा अर्ज नीट वाचला, मान लववली आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "विद्यार्थी जरा गोंधळतील." मला राग आला नाही असं म्हणणार नाही. रागापेक्षा जास्त काळ टिकला तो प्रश्न, की आपलं इंग्रजी नक्की कुणाचं? चौथ्या वर्षापासून ज्या भाषेत शिकले, परीक्षा दिल्या, भांडले, कामाची पत्रं लिहिली, ती भाषा माझी नाही हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी जिथे घेतलं तिथेही पहिल्या महिन्यात एक गृहस्थ नमुन्याच्या तासाला आले, दार उघडून त्यांनी मला बघितलं आणि शिक्षक मागून येतोय का म्हणून मागे वळून पाहिलं. चाळीस मिनिटं ते सभ्यपणे बसले आणि जाताना त्यांनी काउंटरवर शिक्षक बदलून मागितला. तो त्यांना मिळाला.

दुसरेही होते. भारतीय म्हटल्यावर डोळे चमकणारे. त्याआधी काही वर्षं जपानमध्ये भारतीय पद्धतीच्या तोंडी गणिताचं वेड आलं होतं, पुस्तकांच्या दुकानात त्याची वेगळी मांडणी असायची. टोकियोत भारतीय शाळा निघाल्या आणि तिथे जपानी आईबापही मुलं घालू लागले. त्यामुळे 'एकोणीस एकोणीसा किती' हे मला दर महिन्याला एकदा तरी विचारलं जायचं. तीनशे एकसष्ट म्हटलं की टाळ्या. त्या टाळ्यांनी माझं इंग्रजी त्यांच्या नजरेत जरा सुधारायचं हे मला दिसायचं, आणि बरंही वाटायचं.

जपानी माणसाला इंग्रजी येत नाही असं जो म्हणतो, त्यानं त्यांच्या वह्या पाहिलेल्या नाहीत. बाराव्या वर्षापासून सहा वर्षं शाळेत इंग्रजी सक्तीचं. वाक्य वाचायचं, तोडायचं, उलटं फिरवून जपानीत लावायचं. आता पाचवी-सहावीलाही तो विषय झाला आहे, पण माझ्यासमोर बसणारे सगळे त्या जुन्या पद्धतीत वाढलेले. नोकरी-बढतीसाठी तोईक्कुची, म्हणजे TOEIC ही इंग्रजीची परीक्षा देणारे तर ढिगानं. ही परीक्षा १९७९ मध्ये सुरू झाली तीच जपान्यांच्या मागणीवरून, आणि तिचा जो पेपर सगळे देतात त्यात ऐकणं आणि वाचणं आहे, बोलणं नाही. ९९० पैकी ८०० गुण घेतलेला माणूस माझ्यासमोर 'हाऊ आर यू'ला उत्तर देताना घामाघूम झालेला मी पाहिला आहे. त्याला सगळं येत होतं. त्याचा घसा मिटला होता.

ही भीती जुनी आहे. इतिहासाचे निवृत्त शिक्षक असलेले एक विद्यार्थी होते. त्यांनी एकदा पाकिटातून दहा हजार येनची नोट काढून टेबलावर ठेवली. त्या नोटेवर तेव्हा विचारवंत फुकुझावा युकिची होते, २०२४ मध्ये नवी नोट येईपर्यंत तेच होते. १८५९ मध्ये योकोहामा परदेशी व्यापाराला खुलं झालं, तेव्हा हा तरुण एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, चालत ते पाहायला गेला. अनेक वर्षं मरमरून डच शिकला होता. तिथे पोचला तर दुकानावरची एक पाटी वाचता येईना, समोरच्याशी एक शब्द बोलता येईना. सगळं इंग्रजी. पार खचून परत आला आणि दुसऱ्या दिवसापासून इंग्रजीच्या मागे लागला. हे सांगून झाल्यावर माझे विद्यार्थी नोटेवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "ही वॉज ऑल्सो सॅड." आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत आले. ते पिताना आधी हात कापतो, हे दोन्हीकडे सारखंच.

हा कापरा मला ओळखीचा होता, कारण तो मी घरात पाहिला होता. आईचं शिक्षण मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. बँकेत कारकून होती, दिवसभर लेजरमध्ये इंग्रजी लिहायची, कर्जाचे अर्ज वाचून लोकांना समजावून द्यायची. पण माझ्या शाळेत पालकसभेला आली की गप्प. बाई इंग्रजीतून विचारायच्या, "एनी डाउट्स?" बाकीच्या आया बोलायच्या. आई पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळायची आणि सोडायची. मग परत येताना रिक्षात सगळे प्रश्न मला मराठीत विचारायची. गणिताच्या बाई मध्येच का बदलल्या, सहलीचे पैसे कुठल्या हिशेबानं, वर्गात पंखा का नाही. चांगले प्रश्न होते. ते त्या खोलीत कुणी ऐकले नाहीत. मला तेव्हा तिची लाज वाटायची. हे लिहिताना आता त्या लाजेची लाज वाटते.

कामावर घेताना आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. विद्यार्थी अडकला की लगेच शब्द पुरवा, शांतता पडू देऊ नका, तास हसताखेळता राहिला पाहिजे. वर्षभर मी तसंच केलं. मग लक्षात आलं की मी शब्द पुरवला की समोरचा माणूस 'येस, येस' म्हणतो आणि त्याचं स्वतःचं वाक्य तिथेच मरतं. मी थांबायला शिकले. खिडकीतून सोबू लाईन दिसायची. एक गाडी जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची. 'एत्तो... आनो...' चालू राहायचं, कपाळावर आठ्या, बोटं टेबलावर, आणि मग एकदम एक तुटकं, पण त्याचं असं वाक्य यायचं. त्या वाक्यासाठी मी ती नोकरी केली.

उच्चारांवर बोलायला बसले तर लेख पुरणार नाही. जपानीत शब्दाच्या शेवटी सुटं व्यंजन जवळजवळ नसतंच, म्हणून दूध होतं मिरुकु आणि मॅकडोनाल्ड होतं माकुदोनारुदो. आपण स्टेशनचं टेशन करून पुढचा आवाज गिळला, ते शेवटी स्वर जोडून घेतात. आपल्याला र, ल आणि वर ळ, त्यांच्याकडे सगळ्यांचं काम एकाच आवाजावर, आणि तो आपल्या र च्या अगदी शेजारी राहतो. पण एक प्रसंग सांगायलाच हवा. एका तरुण इंजिनिअरकडून मी 'बेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतला फरक घोटून घेत होते, कारण जपानीत 'व्ही'चा ब होतो. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. मग फार अवघडून म्हणाला, "सेन्सेई, तुमचं व्हेस्ट आणि वेस्ट मला एकच ऐकू येतं."

बरोबर होतं त्याचं. मराठीला व एकच. तिशी उलटेपर्यंत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या आजूबाजूला सगळे तसंच बोलायचे. त्या रात्री घरी आरशासमोर उभी राहिले. वरचे दात खालच्या ओठावर, मग ओठांचा चंबू. पुन्हा दात, पुन्हा चंबू. आठवडाभर तेच. पुढच्या तासाला त्याला म्हटलं, तू बरोबर ऐकलंस, मी शिकते आहे, आज तू माझी परीक्षा घे. त्यानं खरोखर दहा शब्द काढले आणि माझे सात बरोबर आले. त्या दिवसानंतर तो माझ्यासमोर चुकायला घाबरला नाही. ज्याला भाषा जन्मतः मिळाली त्याला ती फार सुंदर बोलता येत असेल, पण ती तोंडात कशी बसवायची हे त्याला आठवत नाही. मला आठवत होतं. अजूनही माझं मत आहे की जाहिरातीतल्या त्या नेइतिबु शब्दानं जपानी विद्यार्थ्यांचं फार नुकसान केलं.

धंद्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्याचा काच शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही होता. पूर्ण वेळच्या नव्या शिक्षकाला महिन्याला साधारण अडीच लाख येन. जुने शिक्षक सांगायचे की त्यांच्या तरुणपणीही आकडा हाच होता. व्हिसा बदलल्यावर माझा करार आठवड्याला साडेएकोणतीस तासांचा झाला. तो अर्धा तास का कापला ते कळायला मला दोन वर्षं लागली. तीस तास झाले असते तर मालकाला शाकाई होकेन, म्हणजे आरोग्यविमा आणि पेन्शन यांचा निम्मा भार उचलावा लागेल, असा सगळ्या धंद्यात पक्का समज होता. तासांच्या मधली पाच-पाच मिनिटं, ज्यात आम्ही टिपणं लिहायचो आणि पुढच्याची फाइल काढायचो, ती कामात धरलीच जात नव्हती. दिवसाला आठ तास, म्हणजे चाळीस मिनिटं. महिनाअखेर जोडून बघा. मी जोडायचे, आणि त्या रात्री गाडीत कुणाशी बोलायचे नाही.

विद्यार्थ्यांचं जास्त वाईट व्हायचं. नोव्हा ही एकेकाळची सगळ्यात मोठी साखळी. 'स्टेशनसमोर परदेशी शिक्षण' अशी तिची जाहिरात आणि गुलाबी सशाचं चित्र देशभर माहीत होतं. लोक वर्षावर्षांचे तास आगाऊ विकत घ्यायचे, जितके जास्त तितके स्वस्त. मध्येच सोडलं तर वापरलेले तास महाग दरानं धरून परतावा कापला जायचा. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं तो हिशेब बेकायदा ठरवला, जूनमध्ये सरकारनं दीर्घ मुदतीच्या नव्या करारांवर सहा महिन्यांची बंदी घातली, आणि २६ ऑक्टोबरला कंपनीनं दिवाळखोरीपासून संरक्षण मागायला कोर्टात अर्ज केला. सुमारे ४,००० परदेशी शिक्षकांचे पगार थकले, लाखो विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. पगारातून भाडं कापलं जात होतं पण घरमालकाला पोचत नव्हतं, म्हणून काही शिक्षकांना घर सोडावं लागलं. त्यांच्या युनियननं तेव्हा एक मोहीम चालवली: आम्हाला जेवण द्या, आम्ही तुम्हाला इंग्रजी शिकवतो. नोव्हाचं नाव पुढे दुसऱ्यांनी घेतलं, शाखा आजही आहेत. मी येईपर्यंत पाच वर्षं उलटली होती, पण आगाऊ पैशांची गोष्ट निघाली की काउंटरवर लोकांचे चेहरे बदलायचे.

टी-सान त्यांतल्याच. खरं नाव सांगत नाही. वय सदुसष्ट, बारीक अंगकाठी, करडी टोपी. अशाच एका शाळेत पूर्वी त्यांचे पैसे बुडाले होते, म्हणून इथे महिन्याच्या महिन्याला फी भरायच्या, एक येन आगाऊ नाही. बुधवार, दुपारी दोन. पहिले दोन महिने 'येस', 'नो' आणि 'आय सी'. मी गाड्या मोजत बसायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आपणहून पहिलं वाक्य बोललं, ते त्यांच्या बाल्कनीतल्या टोमॅटोबद्दल होतं. मग टोमॅटोंवर आमचा सबंध उन्हाळा गेला.

जूनचे पावसाळी दिवस होते, पुढच्या वर्षीचे. पुस्तकात त्या दिवशी 'शुड हॅव' होतं. जे करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याची रचना. पुस्तकातलं उदाहरण: आय शुड हॅव ब्रॉट अॅन अंब्रेला. छत्री आणायला हवी होती. खाली तीन रिकाम्या ओळी, स्वतःची वाक्यं लिहिण्यासाठी. टी-सान पेन्सिलीनं लिहीत होत्या, नेहमीसारखं खोडत, पुन्हा लिहीत. पहिली ओळ: लवकर उठायला हवं होतं. दुसरी: टोमॅटोला पाणी घालायला हवं होतं. तिसऱ्या ओळीला खोडणं झालं नाही. वही त्यांनी माझ्याकडे फिरवली.

आय शुड हॅव कॉल्ड द डॉक्टर दॅट नाइट.

त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले हे मला फाइलवरून माहीत होतं. त्यांनी ते कधी काढलं नव्हतं, मीही नाही. माझ्या हातात लाल पेन होतं. टी-सान माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, पेनाच्या टोकाकडे बघत होत्या. मग विचारलं, "सेन्सेई, इज इट करेक्ट?"

वाक्य बिनचूक होतं. 'हॅव' होतं, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप होतं, 'द' सुद्धा जागेवर होता, जो जपानी माणसाचा हमखास सुटतो. मी म्हटलं, "येस. इट इज करेक्ट." आणि त्यापुढे बरोबरची खूण काही माझ्याच्यानं करवेना. पेन खाली ठेवलं. गाडी गेली. दुसरी गेली. त्या म्हणाल्या, "ही वॉज स्वेटिंग. आय सेड, टुमॉरो मॉर्निंग." इतकंच. पुढे बाहेर पाऊस वाढल्याचं बोलल्या, आणि काउंटरवरच्या मुलीनं वेळ झाल्याची टकटक केली.

नंतर कितीतरी दिवस मी त्या वाक्यातल्या पहिल्या शब्दाचा विचार करत होते. जपानीत 'मी' फारसा उच्चारत नाहीत. क्रियापदावरून कोण ते कळत नाही. 'डॉक्टरला बोलवायला हवं होतं' एवढंच, आणि ते कुणावरही जाऊ शकतं, मुलावर, शेजाऱ्यावर, नशिबावर. आपण मराठीत निदान 'मी गेले' म्हटलं की बाई बोलते आहे हे क्रियापदच सांगतं, पण 'बोलवायला हवं होतं' मध्ये आपणही लपू शकतो. इंग्रजी तसं लपू देत नाही. 'आय' लिहावाच लागतो, आणि तोही मोठ्या अक्षरात. टी-साननी मला एकदा सांगितलं की हे त्यांनी मुलाला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. जपानीत ते तोंडातून येतच नाही. इंग्रजीत शब्द थोडे होते, म्हणून जमलं.

मार्च २०१९ मध्ये मी नोकरी सोडली. नवऱ्याची पुण्याला बदली ठरली होती, आवराआवर करायला तीन महिने हातात होते, आणि मदतीला आई आली. तिचा पहिलाच परदेश प्रवास. नोकरीत असताना विद्यार्थ्यांना बाहेर भेटायची मनाई होती. आता ती राहिली नव्हती. टी-सानना कळवलं तशा त्या एप्रिलमधल्या एका दुपारी तोझाई लाईननं निशी-कासाईला आल्या. चेरीचा बहर ओसरला होता. वॉर्डाच्या निवडणुकीचे फलक लागले होते आणि त्यांवर योगेंद्र पुराणिकांचा फोटो होता, जे त्याच महिन्यात निवडून आले. आई रस्त्यात थांबली, "पुराणिक? आपले?" मी हो म्हटलं तर तिनं तिथेच फलकाला नमस्कार केला आणि टी-साननीही, काही न कळता, शेजारी उभं राहून मान लववली.

आम्ही ग्योसेन पार्कमध्ये गेलो. तळ्याकाठच्या बाकावर दोघींना बसवलं. दोघी सारख्याच ताठ, दोघींची पर्स मांडीवर. आईचं बोट पर्सच्या बंदाकडे गेलेलं मी पाहिलं आणि चहा आणते म्हणून उठले. पेयांचं मशीन जवळच होतं. तीन डबे घेतले. मग तिथेच उभी राहिले.

लांबून शब्द कळत नव्हते, आवाज कळत होते. आधी टी-सानचा, मग बराच वेळ काही नाही, मग आईचा. आई हातानं काहीतरी उंची दाखवत होती. टी-साननी डोकं हलवलं आणि त्याहून कमी उंची दाखवली. टोमॅटो असणार, किंवा मुलं. मग टी-सान सलग काही बोलल्या आणि आई त्यांच्याकडे वळून ऐकत राहिली. तिनं मध्ये शब्द पुरवला नाही. तिचे दोन्ही हात पर्सवर स्थिर होते. नंतर आई बोलली, हळू, थांबत थांबत, इंग्रजीत. मी जन्मात पहिल्यांदा तिला इतकं सलग इंग्रजी बोलताना पाहत होते. डबे गार होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

रात्री भांडी आवरताना विचारलं, "काय बोललात गं एवढं?"

"आमचं आमचं," आई म्हणाली, आणि ताट पुसून माझ्या हातात दिलं.